वानुआतूच्या पोरांनी हेग गाठलं: हवामान, कायदा आणि आपण

कलम_एकवीस (धागाकर्ता), २६ जुलै २०२५, रात्री ९:४०

आंतरराष्ट्रीय न्यायालय म्हटलं की आपल्याला आठवतात कुलभूषण जाधव आणि एक रुपया फी घेऊन लढलेले हरीश साळवे. त्याच हेगमधल्या त्याच पीस पॅलेसात गेल्या बुधवारी अध्यक्ष इवासावा युजी तब्बल दोन तास हवामान बदलावरचं एक मत वाचत होते. मी घेतो त्या वर्तमानपत्राने आतल्या पानावर दोन रकान्यांत त्याची बोळवण केली. मी कायदा शिकवतो, त्यामुळे घरी या विषयावर ऐकणारं कुणी उरलेलं नाही. म्हणून इथे.

गोष्ट २०१९ ची. वानुआतूची राजधानी पोर्ट व्हिला. तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकमध्ये कायदा शिकणारी २७ मुलं. वर्गात विषय निघाला की हवामान बदलावर कायद्याने करता येईल असं सगळ्यात मोठं काय? पोरं म्हणाली, थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारू. हे बोलणं सोपं आहे. पालाऊ या दुसऱ्या बेटदेशाने काही वर्षांपूर्वी हाच प्रयत्न केला होता, तो तडीस गेला नाही. वानुआतूची वस्ती सव्वातीन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचा एखादा मध्यम तालुका. २०१५ मध्ये पॅम वादळ, २०२० मध्ये हॅरोल्ड, आणि मार्च २०२३ मध्ये एकाच आठवड्यात जुडी आणि केविन अशी दोन. या मुलांनी आधी स्वतःचं सरकार पटवलं, मग शेजारची बेटं, मग बाकीचं जग. २९ मार्च २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकमुखाने ठराव करून न्यायालयाला दोन प्रश्न विचारले: हवामान जपण्याची देशांवर कायद्याने कोणती बंधनं आहेत, आणि ती मोडली तर काय? १३२ देश सहप्रस्तावक होते. अमेरिका, चीन आणि भारत त्यात नव्हते.

डिसेंबर २०२४ मध्ये सुनावणी झाली. ९६ देश आणि ११ संस्था बोलल्या. या न्यायालयाच्या इतिहासात एवढी गर्दी कधी झाली नव्हती.

मोठ्या प्रदूषक देशांचा बचाव ऐकायला साधा होता: आम्ही पॅरिसचा हवामान करार केलाय, त्यात लिहिलंय तेवढंच आमच्यावर बंधन, बाकी कायदे मध्ये आणू नका. आता पॅरिस करारात प्रत्येक देश आपलं लक्ष्य आपणच ठरवतो. म्हणजे परीक्षा आपली, पेपर आपला आणि तपासणारेही आपणच. न्यायालयाने हा बचाव एकमताने फेटाळला. शेजाऱ्याचं मोठं नुकसान होऊ नये याची काळजी घेणं हा करारांच्या आधीपासूनचा रूढ आंतरराष्ट्रीय कायदा आहे, आणि तो हवामानालाही लागू आहे. करारातून बाहेर पडलं म्हणून सुटका नाही. (जानेवारीत अमेरिकेने पॅरिस करार सोडायचा निर्णय घेतला ते आठवा.) लक्ष्य स्वतः ठरवायची मुभा आहे पण ती मोकाट नाही, ते जगाची तापमानवाढ १.५ अंशांत रोखण्याच्या मर्यादेला धरून असलं पाहिजे. नवे तेलसाठे शोधायचे परवाने देणं, खनिज इंधनाला अनुदान देणं, हेसुद्धा देशाचं बेकायदा कृत्य ठरू शकतं. आणि कृत्य बेकायदा ठरलं तर ते थांबवणं आणि भरपाई देणं हे पुढचं सगळं आलंच.

मानवी हक्कांबद्दलही सरळ म्हटलंय: स्वच्छ, आरोग्यदायी पर्यावरणाचा हक्क नसेल तर जगण्याचा, आरोग्याचा, घराचा हक्क उपभोगताच येणार नाही.

हे फक्त सल्लागार मत आहे, बंधनकारक निकाल नाही, हे मला माहीत आहे. त्यावर पहिला प्रतिसाद कुणाचा येणार तेही माहीत आहे :)

---

रोखठोक_नाना, रात्री १०:०५

ओळखलंत, आलोच.

सर, आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत दरवर्षी ठराव होतो की जिन्यात चपलांचे रॅक ठेवायचे नाहीत. एकमताने. टाळ्या वाजतात. मग सगळे आपापल्या मजल्यावर जाऊन रॅक ओलांडून घरात शिरतात. तुमचं हेग ते हेच. ना पोलीस, ना जप्ती, ना वसुली. अमेरिका ऐकणार नाही, चीन ऐकणार नाही, आणि जे ऐकतील त्यांच्याने मुळात उत्सर्जनच होत नाही.

पोरांचं कौतुक आहे, खोटं नाही बोलत. पण कौतुक आणि कायदा वेगळे.

---

जिज्ञासू_जुई, रात्री १०:३२

सर, हेच ते पुतिनवर वॉरंट काढणारं कोर्ट का? मग निदान वॉरंट तरी निघेल ना?

---

कलम_एकवीस, रात्री ११:१५

जुई, नाही. ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. गाव एकच, हेग, पण कोर्ट वेगळं. तिथे माणसांवर खटले चालतात, इथे देशांचे वाद येतात. आपले दलवीर भंडारी या पीठावर आहेत. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते ते, २००४-०५ मध्ये.

नाना, जाधव प्रकरणच घ्या. तो सल्ला नव्हता, रीतसर निकाल होता, बंधनकारक. १७ जुलै २०१९, पंधरा विरुद्ध एक. पाकिस्तानने व्हिएन्ना करार मोडला, वकिलातीला भेटू द्या, शिक्षेचा फेरविचार करा. झाली त्याला सहा वर्षं. जाधव अजून तिथेच आहेत.

आता त्याच वर्षाच्या फेब्रुवारीतलं चागोस बेटांचं मत घ्या. निव्वळ सल्ला. ब्रिटनने मॉरिशसपासून ही बेटं तोडली ते बेकायदा होतं, ताबा सोडा, असं न्यायालय म्हणालं. ब्रिटनने तुमच्यासारखंच उत्तर दिलं की हे काही बंधनकारक नाही. मग आमसभेत मतदान झालं तर ब्रिटनच्या बाजूने मोजून सहा मतं. २०२१ मध्ये सागरी कायद्याच्या लवादाच्या विशेष पीठाने मॉरिशस-मालदीव सीमावादात तोच सल्ला आधाराला घेतला आणि म्हटलं की बेटांचा प्रश्न निकाली निघालेला आहे. आणि यंदाच्या मे महिन्यात ब्रिटनने बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली.

तेव्हा बंधनकारक म्हणून परिणाम होतो आणि सल्ला म्हणून होत नाही, असं गणित तिथे नाही. परिणाम होतो तो त्या मताचा पुढे कोण कुठे वापर करतं यावर. उद्या कुठल्याही देशातल्या कुठल्याही कोर्टात हवामानाचा दावा उभा राहिला की वकील पहिलं पान हेच उघडणार.

---

चतुर_चिमणी, रात्री ११:२१

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. वाचनखूण साठवली.

---

चंद्रपूरची_धूळ, २७ जुलै, सकाळी ७:१०

माझं सगळं आयुष्य औष्णिक वीज केंद्रात गेलं. बॉयलर पाहिलेत, राखेचे तलाव पाहिलेत, अन् मे महिन्यात ४६ अंशांत कोळसा हाताळणाऱ्या ठेकेदाराच्या मजुरांना चक्कर येऊन पडतानाही पाहिलंय. त्यामुळे हवामान बदल खोटा आहे असं मी म्हणणार नाही. सावलीत बसून म्हणणाऱ्यांनी म्हणावं.

पण सर, तुमच्या लेखात एक गोष्ट गुळगुळीत झाली. मोठे प्रदूषक म्हणून तुम्ही सगळ्यांना एका रांगेत बसवलं. जगातले १७-१८ टक्के लोक भारतात राहतात. आजवर हवेत सोडलेल्या एकूण कर्बात आपला वाटा ४ टक्क्यांहूनही कमी. सुनावणीत आपल्या सरकारने हेच सांगितलं: बिघाडात वाटा असमान असेल तर जबाबदारीही असमान हवी. यात चूक काय आहे? दीडशे वर्षं कोळसा जाळून ज्यांनी रेल्वे, कारखाने, गरम पाण्याचे नळ करून घेतले, त्यांनी आता गडचिरोलीच्या पोराला पंखा बंद करायला सांगायचं का? वीज मिळणं हाही मानवी हक्कच आहे ना?

अन् आपण झोपलेलो नाही. बिगर-खनिज स्रोतांची स्थापित क्षमता ५० टक्क्यांवर नेण्याचं लक्ष्य २०३० चं होतं, ते यंदाच गाठलं. (क्षमता बरं का. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसाच अजून निम्म्याहून बराच जास्त आहे. हा फरक मंत्री सांगत नाहीत, मी सांगतो.)

---

कलम_एकवीस, सकाळी ९:४५

काका, तुमचा मुद्दा न्यायालयाने मान्यच केलाय. समान पण वेगवेगळी जबाबदारी हे तत्त्व मतात ठळक आहे. ज्याने जास्त धूर सोडला आणि ज्याची ऐपत जास्त, त्याच्यावर भार जास्त.

पण भारताने हेगमध्ये दोन गोष्टी एकदम मागितल्या होत्या. पहिली तुम्ही सांगितलीत ती. दुसरी अशी की न्यायालयाने सध्याच्या हवामान करारांपलीकडे जाऊन नवीन बंधनं निर्माण करू नयेत. यातली दुसरी मागणी म्हणजे अमेरिका, चीन आणि सौदी अरेबियाचीच भूमिका. म्हणजे सकाळी आपण ऐतिहासिक अन्यायाबद्दल बोललो आणि दुपारी अन्याय करणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बसलो. ऐतिहासिक अन्यायाची भरपाई मागायची असेल तर ती पॅरिस करारातून मिळत नाही. हानी आणि नुकसानीचं कलम भरपाईचा आधार धरता येणार नाही, असं पॅरिसमध्येच लिहून घेतलं होतं. भरपाईचा रस्ता जातो तो रूढ कायद्यातूनच, आणि तोच बंद ठेवा असं आपण सांगत होतो. मला यात धूर्तपणा दिसतो, शहाणपण नाही.

अजून एक ओळ दिल्लीत कुणीतरी लाल शाईने अधोरेखित केली असणार. न्यायालय म्हणतं की विकसित की विकसनशील हा दर्जा कायमचा नसतो, त्या-त्या वेळच्या परिस्थितीवर ठरतो. आज ती ओळ चीनला टोचेल. वीस वर्षांनी?

---

दक्षिणवारा, सकाळी १०:२० (ऑकलंडहून, इकडे संध्याकाळ)

धाग्याबद्दल आभार. आमच्याकडे हा विषय दूरच्या बेटांचा नाही, शेजारच्या बाकावरच्या माणसाचा आहे. माझ्यासोबत काम करणारी एक बाई किरिबाती या बेटदेशाची आहे. तिच्या आईच्या घरामागची विहीर खारट झाली, आता पावसाचं पाणी साठवून पितात.

योआने तेइतिओता हे नाव इथे सगळ्यांना माहीत आहे. किरिबातीतल्या तारावा बेटावरून हा माणूस २००७ मध्ये बायकोसह न्यूझीलंडला आला. मुलं इथेच झाली. व्हिसा संपल्यावर त्याने निर्वासित म्हणून आश्रय मागितला. म्हणणं असं की दक्षिण तारावावर १९४७ मध्ये १,६४१ माणसं होती, २०१० मध्ये ५०,००० झाली. जमीन खचतेय, पाणी खारावतंय, जागेवरून मारामाऱ्या होतात. इथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत हरला, २०१५ मध्ये परत पाठवला गेला. कारण १९५१ च्या निर्वासित करारात छळ करणारा कुणीतरी लागतो: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट, राजकीय मत. समुद्र त्या यादीत नाही.

मग तो संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेला. तिथेही हरला. समिती म्हणाली, अजून १०-१५ वर्षं हातात आहेत, तेवढ्यात काही उपाय होऊ शकेल. पण हरवताना तिने एक तत्त्व मान्य केलं: हवामानामुळे जिवाला खरा धोका असेल तर माणसाला तिथे परत पाठवणं हे जगण्याच्या हक्काचं उल्लंघन ठरू शकतं. परवाच्या मतात न्यायालयाने तीच गोष्ट उचलली आहे. म्हणजे हरलेल्या माणसाच्या फाइलमधून पुढच्यांसाठी कायदा निघाला. त्याला स्वतःला काहीच मिळालं नाही, हेही लिहून ठेवते.

आणि तुवालू बघा. ऑस्ट्रेलियाने त्यांच्याशी करार केला, वर्षाला २८० जणांना कायमचं राहायला येता येईल, चिठ्ठ्या टाकून. पहिल्या फेरीची नोंदणी गेल्या आठवड्यात संपली. घरच्यांसकट ८,७०० हून जास्त नावं आली. अख्ख्या देशाची लोकसंख्या साडेदहा हजारांच्या आसपास.

---

जिज्ञासू_जुई, सकाळी ११:०२

बाप रे. देशच पाण्याखाली गेला तर मग तो देश राहतो का? म्हणजे संयुक्त राष्ट्रांतलं मत, समुद्रातले मासे वगैरे?

---

दक्षिणवारा, सकाळी ११:३०

हा प्रश्न बेटांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा होता. न्यायालय म्हणालं की एकदा देश स्थापन झाला की त्याचा एखादा घटक, म्हणजे जमीन, नाहीसा झाला म्हणून देशपण आपोआप जात नाही. आणि सागरी हद्दीच्या रेषा एकदा ठरल्या की किनारा मागे सरकला तरी त्या बदलायची सक्ती नाही. तुवालूसारख्या देशाची निम्मी मिळकत ट्यूना मासेमारीच्या परवान्यांवर अवलंबून असते. रेषा हलली असती तर जमिनीआधी तिजोरी बुडाली असती. मला तर वाटतं की भरपाईबिरपाईपेक्षा या दोन परिच्छेदांसाठीच बेटांनी एवढी उठाठेव केली.

---

माडाखालची, दुपारी १:१५

सगळं वाचलं. मी देवबागची, मालवण तालुका. एका बाजूला कर्ली नदी, एका बाजूला समुद्र, मध्ये आमची चिंचोळी पट्टी. परवाच्या अमावास्येचं उधाण येऊन गेलं, त्यामुळे हात शिवशिवतायत.

तुवालूच्या बातम्या टीव्हीवर बघताना माझी सासू म्हणते, ‘ह्या तर आमचाच.’ आमच्या आवाठात समुद्राकडच्या बाजूला आधी सुरूची रांग होती, ती गेली. मग माडांची पहिली ओळ. माड एकदम पडत नाही. आधी मुळांखालची वाळू धुऊन जाते, मुळांचा झुबका उघडा पडतो, झाड समुद्राकडे कलतं, आणि नारळ धरलेले असतानाच एका भरतीला आडवं होतं. आडवा झालेला माड सात-बारावर तसाच उभा असतो. जमीनही. तलाठ्याला विचारलं तर म्हणतो, समुद्राच्या नावावर फेरफार करता येत नाही.

धूपप्रतिबंधक बंधारा बांधला. दगड टाकले ते दोन पावसाळ्यांत सरकले. ज्या खात्याने बांधला त्याच्याकडे गेलो तर ते म्हणतात नैसर्गिक आपत्ती.

पण खरं सांगते, मला या मोठ्या कोर्टाची थोडी भीतीच वाटते. इकडे खाडीतून वाळू किती उपसली जाते ते सगळ्यांना माहीत आहे. वाळू उपसली तर समुद्र आत येणारच. आता तेच लोक भाषणात म्हणतात, ‘जागतिक हवामान बदलामुळे आपली किनारपट्टी धोक्यात आहे.’ हवामान बदल हे त्यांना छान निमित्त सापडलंय. हेगच्या मताने यांच्यावर काही चालतं का, की फक्त अमेरिकेवरच?

---

रोखठोक_नाना, दुपारी १:४०

माडाखालची ताई, तुम्ही माझं काम सोपं केलंत. हेच तर म्हणतोय. तुमचा माड कुणी पाडला? वाळूवाल्याने, बंधाऱ्याच्या ठेकेदाराने, का टेक्सासच्या तेल कंपनीने? कोर्टात कार्यकारणभाव लागतो. अमुकच्या धुराने तमुकचं घर पडलं हे सिद्ध करून दाखवा, मी धाग्यावर दंडवत घालीन.

---

राइनकाठ, दुपारी ३:५०

नाना, दंडवताची तयारी ठेवा, अर्ध्या तरी.

मी जर्मनीत राहतो, एसेनमध्ये. आरडब्ल्यूई या वीज कंपनीचं मुख्यालय याच गावात. पेरूमधल्या हुआराझ गावचे शेतकरी आणि पर्वतीय वाटाडे साउल लुसियानो ल्युया यांनी २०१५ मध्ये तिच्यावर इथे दावा लावला. त्यांच्या घराच्या वर डोंगरात पालकाकोचा नावाचा तलाव आहे. हिमनदी वितळून तो भरत चाललाय. फुटला तर गाव जाईल. जगातल्या एकूण औद्योगिक उत्सर्जनात कंपनीचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाला. म्हणून मागणीही तेवढीच: तलावाच्या संरक्षणाच्या खर्चातला तेवढाच हिस्सा द्या. सुमारे १७,००० युरो. इथे त्यात फार तर एक बरी सेकंडहँड गाडी येते. पण कंपनी दहा वर्षं लढली, कारण तिला १७,००० ची नाही, पायंड्याची भीती होती.

हाम इथल्या वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश २०२२ मध्ये स्वतः पेरूला जाऊन तो तलाव बघून आले. या मे महिन्याच्या २८ तारखेला निकाल लागला. दावा फेटाळला. पुढच्या ३० वर्षांत त्यांच्या घरापर्यंत पूर येण्याची शक्यता १ टक्का आहे, ती पुरेशी नाही म्हणून. पण निकालात तत्त्व स्पष्ट मांडलंय: धूर कुठेही सोडला असो, मोठा उत्सर्जक दुसऱ्या खंडातल्या मालमत्तेला पोहोचणाऱ्या धोक्याला जबाबदार धरला जाऊ शकतो. अंतर जास्त आहे, उत्सर्जक बरेच आहेत, हे बचाव चालणार नाहीत.

म्हणजे कार्यकारणभावाची भिंत आहे, पण ती अभेद्य नाही. हेगनेही हेच म्हटलंय: नातं पुरेसं थेट आणि निश्चित हवं, सिद्ध करणं अवघड आहे, अशक्य नाही.

माडाखालची, तुमच्या प्रश्नावर कायदेवाले बोलतील, पण शेजारच्या स्वित्झर्लंडमधली गोष्ट तुम्हाला आवडेल. तिथल्या दोन हजारांहून जास्त म्हाताऱ्या बायकांनी संघटना काढून स्वतःच्याच सरकारला युरोपीय मानवी हक्क न्यायालयात खेचलं. सरासरी वय ७३. उष्णतेच्या लाटांत सगळ्यात जास्त आम्ही मरतो, हा मुद्दा. ९ एप्रिल २०२४ ला जिंकल्या. त्यांना अमेरिकेशी काही देणंघेणं नव्हतं, प्रश्न स्वतःच्या सरकारने आपलं काम केलं का एवढाच होता. (जिंकल्यावर दोनच महिन्यांत स्विस संसदेने ‘आम्ही पुरेसं करतोय’ असं म्हणून निकालाला नाक मुरडलं. नानांना हाही मुद्दा फुकट.)

---

नान्नजकर, संध्याकाळी ६:२५

भारतातल्या हवामान-हक्काबद्दल कुणी लिहीना म्हणून मी लिहितो. सोलापूरचा आहे, माळरानं बघत मोठा झालो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ ला हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क मान्य केला, घटनेच्या १४ आणि २१ कलमांखाली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचं पीठ. सगळीकडे टाळ्या. पण खटला कशाचा होता? माळढोकाचा! रणजितसिंह, ज्यांचा १९७२ चा वन्यजीव कायदा घडवण्यात मोठा हात, ते कोर्टात गेले होते कारण राजस्थान-गुजरातमधले माळढोक विजेच्या तारांना धडकून मरतात. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, डोळे बाजूला. वजनदार असल्याने ऐनवेळी वळताही येत नाही. देशात दीडशेही उरलेले नाहीत. २०२१ मध्ये न्यायालयाने सुमारे ९९,००० चौ.किमी. भागात तारा जमिनीखालून न्या असं सांगितलं. २०२४ मध्ये तोच आदेश सैल केला, कारण सौर प्रकल्प अडतील. आणि सैल करताना आधार काय घेतला? हवामानाचा हक्क.

म्हणजे पक्षी वाचवायला गेलेल्या माणसाच्या खटल्यात आपल्याला नवा मूलभूत हक्क मिळाला आणि पक्ष्याचं कवच गेलं. नान्नजचं अभयारण्य एकेकाळी कागदावर साडेआठ हजार चौ.किमी. होतं, लोकांना जमिनी विकता येईनात म्हणून ते कापून सुमारे १,२०० वर आणलं. आता तिथे माळढोक दिसला की बातमी होते.

सौरऊर्जा नको असं नाही. पण हवामानाचा हक्क माणसाने सरकारविरुद्ध वापरायचा की सरकारने प्रकल्पासाठी, हे आधी ठरवा.

---

चंद्रपूरची_धूळ, संध्याकाळी ७:००

नान्नजकर, +१. पण तारा जमिनीखालून नेणं उच्च दाबाला खरंच अवघड आहे, खर्च कित्येक पट, दोष शोधायला दिवस जातात. २०२४ मध्ये न्यायालयाने यावर तज्ज्ञांची समिती नेमली ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. मार्ग बदलून तारा नेता येतात, तेवढी जिद्द हवी.

---

कलम_एकवीस, रात्री ९:१०

नान्नजकर यांच्याशी मी शंभर टक्के सहमत आहे, आणि हा धोका हेगच्या मतालाही आहे. हक्क कागदावर आला की तो आधी कोण उचलतं याला महत्त्व असतं.

माडाखालची, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, चालतं. मतातला गाभा म्हणजे सरकारने ‘कडक दक्षता’ घेतली का. ती दक्षता फक्त धूर कमी करण्यापुरती नाही, बदललेल्या हवामानात लोकांना सांभाळण्याचीही आहे. आणि धोका वाढतोय हे सरकारला माहीत असतानाही खाडीतून वाळू उपसू दिली, तर ‘हवामान बदल’ हा बचाव उलट त्यांच्या अंगावर येतो. समुद्र चढणार हे ठाऊक होतं ना? मग वाळू का काढू दिलीत?

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण थेट तुमच्यासारखं आहे. तोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या आठ जणांनी तक्रार केली होती की भरतीने पूर्वजांची थडगी उघडी पडली, बागा खारावल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये मानवी हक्क समितीने ऑस्ट्रेलियाला दोषी धरलं, घर आणि संस्कृतीच्या हक्कांखाली. मुख्य कारण? समुद्रभिंती वेळेत बांधल्या नाहीत. जगाचं तापमान ऑस्ट्रेलियाने एकट्याने वाढवलं का, हा प्रश्न गौण राहिला.

आपल्याकडे हे वापरायची वाटही जुनी आहे. घटनेचं कलम ५१ आंतरराष्ट्रीय कायद्याचा मान राखायला सांगतं. १९९७ च्या विशाखा निकालात देशात कायदा नसताना सर्वोच्च न्यायालयाने आंतरराष्ट्रीय करार मूलभूत हक्कांत वाचून दाखवला होता. हरित लवादासमोर बंधाऱ्याचा किंवा वाळूचा अर्ज गेला तर त्यात २१ कलम, २०२४ चा निकाल आणि हे मत, तिन्ही जोडता येतात. पण नुसत्या मोठ्या नावांवर अर्ज टिकत नाही. तारखा, फोटो, कुठल्या साली किनारा कुठे होता, परवाना कुणाचा, हे लागतं. किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत सर्व्हे ऑफ इंडियाने आखलेल्या धोकारेषेचा उल्लेख आहे, आपत्ती नियोजनासाठी वापरायची म्हणून. तुमच्या गावात ती रेषा कुठून जाते ते माहितीच्या अधिकारात मागा. ग्रामपंचायतीच्या ठरावासकट मागितलीत तर अजून बरं.

---

रोखठोक_नाना, रात्री ९:३५

पेरूवाल्याला अर्धा दंडवत दिला. उरलेला अर्धा देवबागचा बंधारा उभा राहिल्यावर. आणि सर, माझं म्हणणं अजून तेच आहे: अमेरिकेकडून एक डॉलर येईस्तोवर मी हे मत जपून ठेवीन, फ्रेम नाही करणार.

---

माडाखालची, रात्री १०:०५

नाना, डॉलर आला तरी तो मंत्रालयातून देवबागपर्यंत येईस्तो त्याचे किती राहतील ते तुम्हीच सांगा.

सर, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घेते. वाळूवाल्यांची माणसंही त्याच सभेत बसतात, तेव्हा आरडाओरडा होणार. जुने फोटो आमच्याकडे आहेत, लग्नांतले. प्रत्येकाच्या लग्नाचा मांडव समुद्राच्या बाजूला असायचा, त्यामुळे मागे किनारा आलाय आणि लग्नाच्या तारखा पत्रिकेवर छापलेल्या आहेत. हे पुराव्यात चालेल का?

---

कलम_एकवीस, रात्री १०:१२

धावेल! मूळ फोटो आणि पत्रिका दोन्ही जपा, कॉपी काढून मूळ परत फ्रेममध्ये घाला. ज्यांच्या घरचे आहेत त्यांची प्रतिज्ञापत्रं घ्या. प्रत्येक फोटोत अजून उभी असलेली एखादी खूण शोधा, देऊळ, विहीर, शाळा, काहीही, म्हणजे अंतर मोजता येईल. माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा व्यक्तिगत निरोपाने पाठवतो.

---

माडाखालची, रात्री १०:२०

विहीर आहे, चार-पाच फोटोंत येते. मसुदा पाठवा. आणि त्यात एवढं घाला की धोकारेषेचा नकाशा देताना गटनंबर दिसतील असा द्या. मागच्या वेळी कुठल्याशा कामासाठी नकाशा मागितला तर अख्खा सिंधुदुर्ग एका कागदावर दिला होता, आमचं गाव पेनाच्या टोकाएवढं.